गॅमावाल्याला मुलगी कोण देणार?

न दिसणाऱ्या गोष्टीचं काम करणाऱ्यांकडे किस्से फार साचतात. आमची सहा जणांची टीम रत्नागिरीत पाईपांच्या वेल्डिंगचे गॅमा किरणांनी फोटो काढते. एक्स-रेच म्हणा, फक्त हाडांऐवजी लोखंडाचा. किरण कुणाला दिसत नाहीत, त्यामुळे ज्याला जे वाटेल ते तो आम्हाला चिकटवतो. यात सगळ्यात जास्त भरडला गेला आमचा सिद्धू. बत्तीस वर्षांचा, स्वभावाने सोनं, पण 'रेडिएशनवाला' म्हटलं की स्थळ मोडायचं. दोन मोडली!

*

सिद्धूच्या घरमालकीणकाकूंनी अंगणात आमसुलं वाळत घातली होती. हा ड्युटीवरून आला, तर काकू ओरडल्या, "मेल्या, लांबून जा! किरणं लागतील!"

"काकू, बॅटरी बंद केली की उजेड अंगाला चिकटून राहतो काय? हे तसंच. आणि ऊन म्हणजे गॅमाचंच भाऊबंद."

"उन्हाला मी जन्मापासून ओळखते. तुझ्या गॅमाला कोण ओळखतो?"

तेव्हापासून तो मागच्या दाराने जायला लागला.

*

छातीवर आम्ही एक बिल्ला लावतो. अंगावर किती किरण पडले ते तो टिपतो, आणि दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. आमच्यातल्या नाईकभाऊंचा पहिला रिपोर्ट आला. शून्य! आम्ही टाळ्या वाजवल्या. भाऊंचं तोंड मात्र एवढंसं झालं.

"म्हणजे तीन महिने राबलो, त्याची नोंदच नाय?"

साहेबांना त्यांची समजूत काढायला अर्धा तास लागला.

*

एकदा रस्त्याकडेला काम होतं. लोकांनी लांब राहावं म्हणून पट्टी बांधली, बोर्ड लावले, भोंगा वाजवला. झाली गर्दी! एका आजोबांनी विचारलं, "बिबट्या आलाय काय रे?"

"नाय आजोबा, किरणं आहेत. दिसत नाहीत, पण लोखंडातून पार जातात."

आजोबांनी छत्री काखेत मारली. "मग बिबट्या परवडला. दिसतो तरी!"

पाच मिनिटांत रस्ता मोकळा.

*

तिसरं स्थळ हेदवीजवळचं. मुलगी प्रज्ञा, शाळेत गणित शिकवते. दोघं फोनवर बोलली होती आणि सिद्धूला ती मनापासून आवडली होती. हे मोडलं तर गडी खचणार, म्हणून मी सोबत गेलो.

चहा आला आणि मुलीच्या मामांनी उलटतपासणी सुरू केली. मामा मुंबईत नोकरीला, त्यामुळे त्यांना सगळंच माहीत. "केस गळतात काय? मुलंबाळं होतील ना? रात्री अंग चमकतं म्हणे!" मला सिद्धूसाठी फार वाईट वाटलं.

शेवटी प्रज्ञाच बोलली. "पण तुम्ही स्वतःचा बचाव कसा करता?"

"शिशाचा आडोसा असतो," सिद्धू म्हणाला, "पण मुख्य म्हणजे अंतर. अंतर दुप्पट केलं की मारा चौथ्या हिश्शावर येतो."

"दुप्पटला चौथा हिस्सा? नक्की?"

"नक्की."

ती उठली. "मग चला, फणसाखाली जाऊन बोलू. इथून मामा चार पावलांवर आहेत, तिथून आठ होतील!"