भोंग्याच्या डाव्या हाताला

आमच्या गल्लीतले नाना पत्ता सांगतात तो आता नसलेल्या गोष्टींवरून. "भोंगाना डावे हाते, मंग रंगखातं, मंग पांझरा नदी." कापडगिरणी बंद पडल्यावर तिचा भोंगा कधीच उतरवला. रंगखात्याच्या जागी पिठाची चक्की आहे. पाहुणे गोंधळून माझ्याकडे बघतात, आणि मी पदर सावरत घरात जाते.

एकदा नानांनी खडू आणला. "माय, तू लिख. माले लिखता येस नही." मी चौथी शिकलेली. लाजत लाजत गिरणीच्या भिंतीवर लिहिलं, 'इथे भोंगा होता.'

मागच्या आठवड्यात नगरपालिकेचा रंगारी आला. नाना त्या ओळीला पाठ लावून उभे राहिले. "बठ्ठी भिंत रंगव भाऊ, एवढं सोड."

"नाना, खडू कितीक दिवस टिकणार? लिहिलं कोणी?"

नानांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला पळून जावंसं वाटलं. रंगाऱ्याने भिंत पांढरी केली, सुकू दिली आणि निळ्या रंगाचा ब्रश माझ्या हातात दिला.

"मोठं लिख, माय," नाना मागून म्हणाले.

आज एका पाहुणीने नदीची वाट विचारली. नाना बोलायच्या आत मीच म्हणाले, "भोंग्याच्या डाव्या हाताला."

पाहुणी भिंत वाचून बरोबर वळली.