तोंडातली लवंग

दुपारचं ऊन सरकत सरकत टेबलाखाली गेलंय आणि कार्मेलीनचे डोळे मिटू मिटू होतायत. तिला झोपायचं नाहीये. संध्याकाळी नाताळची गाणी म्हणत मंडळी दारात येणार आणि समोर गॅसवर पातेलं तसंच बसलंय, रिकामं, थंड. पण सकाळपासून दोनदा काढा करून दोनदा मोरीत ओतणाऱ्या बाईने जागं तरी किती राहायचं? खुर्चीत पाय वर घेऊन ती नुसती पाठ टेकते.

नाताळचा काढा म्हणतात त्याला या घरात. काढा आपला नावालाच. घरची जांभळाची वाइन, त्यात संत्र्याच्या साली, वसईची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, बारीक चिरून, मग आलं, दालचिनी, जायफळ, गूळ. सगळं मंद आचेवर, उकळी येऊ द्यायची नाही, आणि शेवटी सढळ हाताने रम. करायचा तो बावतीस, तिचा नवरा. वर्षभर स्वयंपाकघरात न फिरकणारा माणूस त्या दिवशी मात्र खांद्यावर टॉवेल टाकून, तोंडात लवंग धरून असा ऐटीत उभा राहायचा, की बघणाऱ्याला वाटावं आज बिशपच जेवायला यायचेत. मधूनच हाक मारायचा, "कार्मी, बघ गं जरा," आणि पळी पुढे करायचा. ती करंज्या तळता तळता घोट घ्यायची, तोंड वाकडं करायची नाहीतर गप्प राहायची, आणि परत आपल्या कढईकडे वळायची. तोंडातली ती लवंग दातासाठी असेल, असं तिने कायम धरलेलं.

पावसाळ्याच्या तोंडावर बावतीस गेला. दुखवट्याचं घर, म्हणून गाणारी मंडळी यंदा या दारी थांबणार नव्हती. कार्मेलीनच हट्टाला पेटली. मंडळींचा म्होरक्या इनास, बावतीसचा लहानपणापासूनचा दोस्त, त्याला बोलावून तिने सांगितलं, "गायचं, आणि काढाही प्यायचा. तो करायचा तसाच मिळेल." तसाच म्हणून बसली आणि आता निस्तरतेय. पहिलं पातेलं कडू झालं, दुसरं खोकल्याच्या औषधासारखं. सून, सुवार्ता, मदतीला आली तर तिलाही बाहेर घालवलं. नगरकडची पोर, दारूच्या बाटलीला हात न लावणाऱ्या घरातली, तिला यातलं काय कळणार? काढा बिघडला तर बावतीस या घरातून पुरता गेला, असं कार्मेलीनच्या मनाने घेतलंय. हे बोलून दाखवायचीही सोय नाही.

जिन्यावर पावलं वाजतात. का मागच्या माडाची झावळी हलली?

"आच कमी कर," कुणीतरी म्हणतं.

ओट्यापाशी बावतीस उभा आहे. अंगात काळा सूट, पुरताना घातलेला तोच, आणि खांद्यावर टॉवेल.

"सुटावर डाग पडेल," कार्मेलीन म्हणते. दुसरं काही सुचतच नाही. तू तर मेलास ना, असं विचारणं बरं दिसत नाही. आलेल्या पाहुण्याला जाणार कधी म्हणून विचारल्यासारखं व्हायचं.

"पडू दे. आता कुठे जायचंय सूट घालून."

ती पातेल्यात डोकावते तर तळ दिसत नाही. खोल, खूप खोल जांभळं पाणी, त्यावर संत्र्याच्या साली तरंगतायत. तिच्या हाताखाली ओटा नाहीच, विहिरीचा कठडा आहे, आणि चारी बाजूंना त्यांची केळीची वाडी. विहिरीतून वाफ येतेय. बावतीस कळशी खाली सोडतोय, दोर संपता संपत नाही.

"दालचिनी किती घालायचास?" ती विचारते.

"कशात?"

"विहिरीत," ती म्हणते, आणि यात काही चुकलंय असं तिला वाटत नाही.

"मला काय ठाऊक? ते तू सांगायचीस."

"मी? मी कधी सांगितलं?"

"दरवर्षी."

"उगाच वेड पांघरू नकोस बावतीस. आधीच माझं डोकं उठलंय." ती रागाने कठड्यावर हात आपटते तर हाताला लाकूड लागतं. ती गुडघ्यांवर बसलीय, समोर बारीक भोकांची जाळी. चर्चमधली पापकबुलीची खोली. पलीकडे फादर असायला हवेत, पण जाळीतून वास येतोय तो लवंगेचा.

"काहीतरी लपवलंस तू माझ्यापासून," ती कुजबुजते. "शेवटी काहीतरी घालायचास. काय ते सांग आणि मोकळा हो." मग तिलाच कळेनासं होतं, कबुली द्यायला कोण आलंय, तो की ती.

"लपवायला माझ्याकडे होतं काय गं?"

"मग माझंच का बिघडतं?"

"चव घेतेस म्हणून."

"चव घेऊ नको तर काय करू?"

"बनवणाऱ्याने चव घ्यायची नाही. एका पळीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, जीभ थकून जाते आणि माणूस घालतच सुटतो. शिवाय मंडळी येईपर्यंत पातेलं कोरडं. माझा बाप म्हणायचा, तोंडात लवंग धर, जीभ बधिर होऊ दे, मोह नको."

"म्हणजे तू कधीच..."

"मंडळी बसेपर्यंत एक थेंब नाही."

कार्मेलीनचं डोकं गरगरतं. गरगरतं कसलं, एसटी वळण घेतेय. तिच्या मांडीवर पातेलं आहे, गरम, हिंदकळणारं, आणि शेजारी खिडकीशी बावतीस. पुढे इनास कंडक्टर होऊन घंटी वाजवतोय, नाताळच्या गाण्याच्या तालात, तिकीट मात्र कुणाला विचारत नाही.

"कुठे चाललोय आपण?"

"आगाशीला."

"आगाशी केव्हाच मागे गेली."

"मग पुढे कुठेतरी," बावतीस म्हणतो, जसं काही त्यात न कळण्यासारखं काहीच नाही.

तिला एकदम भरून येतं. पातेलं सांडेल म्हणून डोळेही पुसता येत नाहीत. "मला तुझी फार आठवण येते रे. घर खायला उठतं."

तो सुटाच्या खिशातून काहीतरी चिमटीत काढतो. "आ कर."

"लवंग आहे ती. मला आवडत नाही."

"ठाऊक आहे. आ कर."

चर्चमध्ये मिस्साचा प्रसाद घेताना करते तशी ती जीभ पुढे करते. लवंग टोचते, मग झणझणते.

"आता चव कोण बघणार?" ती बोबडं बोलते. "तू तरी कशावरून ओळखायचास?"

"तुझ्या तोंडावरून. डावी भुवई चढली की गूळ कमी. नाक मुरडलंस की साल जास्त उतरली. आणि ओठ मिटून गप्प राहिलीस, की झालं." बावतीस उठतो. गाडी थांबलीय, बाहेर काही दिसत नाही. "एवढी वर्षं मी तेच बघत होतो."

"थांब, मी पण येते."

"मांडीवर पातेलं आहे तुझ्या," तो म्हणतो आणि उतरतो.

"आई? आई, मंडळी कोपऱ्यावर आलीत. वाइन गरम करायला ठेवलीय मी."

सुवार्ता दारात उभी आहे. कार्मेलीन बोलायला जाते आणि तोंडात काहीतरी लागतं. ती बोटाने काढते. लवंग. भिजून फुगलेली, डोकं दाताखाली चेचलेलं. उभ्या जन्मात तिने अख्खी लवंग तोंडात धरलेली नाही. बरणी फळीवर आहे, झाकण घट्ट. जीभ तर अशी बधिर की स्वतःची वाटत नाही.

ती लवंग पुन्हा तोंडात ठेवते आणि ओट्याशी जाते. साली, सुकेळी, आलं, दालचिनी, जायफळ, अंदाजाने गूळ. आच मंद. रमची धार. मग पळी भरून सुनेपुढे धरते.

"बघ गं जरा."

"मी?" सुवार्ता गोंधळते. "आई, मी कधी घेतली नाही. मला काय कळणार?"

"कळायला नकोच आहे. एक घोट घे."

सुवार्ता घोट घेते. डावी नाही, उजवी भुवई चढते. कार्मेलीन गुळाचा एक खडा टाकते, ढवळते, परत पळी पुढे करते, आणि बाकी सगळं सोडून त्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहते. इतकी वर्षं आपल्याकडे कुणीतरी असं बघत होतं, आणि आपण करंज्या तळत होतो.

अंगणात इनास गाणं सुरू करतो. सुवार्ता ओठ मिटते आणि गप्प राहते.

कार्मेलीन गॅस बंद करते.