फक्त तिला पाठवलेला मिक्स

आमच्या ग्रुपचा एकच नियम होता. सकाळच्या चहाआधी ज्याची पाळी त्यानं एक गाणं टाकायचं, खाली मूड लिहायचा आणि गप्प बसायचं. गायक किती महान, संगीतकार किती मोठा, असलं भाषण कुणी द्यायचं नाही. सुरतभर विखुरलेले आम्ही बारा-पंधरा कानवेडे. रिंगरोडच्या मार्केटमध्ये साड्यांचे फोटो काढून व्यापाऱ्यांना पाठवायचं काम मी करते. दिवसभर 'न्यू आयटम, बेस्ट क्वालिटी' लिहून लिहून माझी भाषा आटून गेली होती. त्या ग्रुपवर मी माणसासारखी बोलायचे.

आमचं घर कोसाडला. आई-वडील धुळ्याकडचे. वडील, म्हणजे आबा, जन्मभर लूमवर, यंत्रमागावर. तीस-चाळीस लूम एका शेडमध्ये खडखडत असतात, त्यात माणसाचे कान किती टिकणार? रातपाळी करून आबा घरी आले की मी त्यांच्यासाठी चहा ठेवायचे आणि त्या दिवसाचं गाणं मोठ्या आवाजात लावायचे. शेजारी ओरडायचे. ओरडू देत. आबा कपावर बोटानं ठेका धरायचे, तोही बहुतेक वेळा चुकीचा.

त्या ग्रुपमध्येच मला ती भेटली. लग्न होऊन कामरेजला आलेली, माझ्याहून थोडी मोठी, आमच्याच खान्देशातली. तिच्या पाळीचं गाणं आलं की मला कळायचं, आज हिचं सासूशी वाजलंय. माझं आलं की तिचा फोन यायचा, "काय गं, मालक ओरडला का?" ग्रुपवर एक गाणं चालायचं, पण आम्ही दोघी एकमेकींना चार-सहा गाण्यांचे वेगळे मिक्स करून पाठवायचो. 'कपडे इस्त्री करताना'. 'पाहुणे गेल्यावर'. 'रडायचंय पण घरात सगळे आहेत'. आणि प्रत्येक गाण्याबरोबर लांबलचक मेसेज, हे का निवडलं, कुठल्या ओळीला पोटात काय होतं. दोन वर्षं चाललं हे. माझ्या मनातलं एवढं सगळं दुसऱ्या कुणाजवळच नव्हतं, आईजवळ तर नाहीच.

एकदा मला सलग झोप लागत नव्हती. घरात लग्नाचा विषय, मार्केटमध्ये सीझनची घाई. तेव्हा मी 'डोकं शांत' नावाचा एक मिक्स केला. त्याच्या शेवटी गाणं नव्हतं. आबांची दिवसपाळी असताना भर दुपारी त्यांना डबा द्यायला गेले होते तेव्हा शेडची लाइट गेली, तो आवाज मी फोनवर पकडला होता. आधी सगळ्या लूमचा खडखडाट, मग एकेक करून तो बसत जातो, आणि मग काहीच नाही. लांब कुणीतरी खोकतं. एवढंच. ती शांतता मी मिक्सला जोडली आणि फक्त तिला पाठवली. मेसेजमध्ये लिहिलं, 'लूम बंद पडल्यावरची शांतता मला सगळ्या गाण्यांहून आवडते.' ती म्हणाली, "रडले गं ऐकून."

मग काही महिन्यांनी तिनं आपल्या दिराचं स्थळ आणलं. पारोळ्याकडे राहणारा, खतांच्या कंपनीत विक्रीचं काम करणारा. मी नाक मुरडलं. "बघायला काय जातं?" ती म्हणाली. तिचा शब्द मोडवेना.

रविवारी तिच्यासकट सगळे आले. पोहे झाले, चहा झाला, आणि आम्हा दोघांना गच्चीवर धाडलं. मी मनाशी ठरवूनच गेले होते की दोन प्रश्न विचारायचे आणि खाली यायचं. पण हा माणूस बोलायला लागला आणि मी कठड्याला टेकून ऐकतच राहिले. त्याला कव्वाली इस्त्री करताना ऐकायला आवडत होती. गाण्यात वाद्यं फार वाजली की त्याला गर्दीत शिरल्यासारखं वाटत होतं. भांडण झाल्यावर आधी एक गाणं ऐकावं, मगच बोलावं, असं त्याचं म्हणणं होतं. मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू? मला वाटलं, पारोळ्यात बसून हा माणूस इतकी वर्षं माझ्याच मनात येरझाऱ्या घालत होता की काय! जिना उतरताना माझा होकार ठरला होता. आईनं माझा चेहरा बघितला आणि ताटात नारळ, टॉवेल, टोपी मांडायला घेतली. आमच्याकडे मुलगा पसंत पडला की ते ताट त्याच्या पुढे करतात, म्हणजे बोलणं पक्कं.

ताट आबांच्या हातात होतं. मुलगा त्यांना खूश करायला म्हणाला, "मला ना, लूमची शांतता फार आवडते. रात्री सगळे लूम बंद झाले की कसं गार वाटत असेल."

आबांनी कान पुढे केला. त्याला ते परत सांगावं लागलं. मग आबा हसले. "रातले कोठे बंद पडतस लूम? मंग मी रातपाळीले काय करस?"

सगळे हसले. मी हसले नाही. सुरतेत लूम रात्री बंद होत नाहीत हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. या माणसानं आयुष्यात लूम पाहिलेला नव्हता. त्याला लूमची शांतता आवडत होती कारण ती कुणीतरी त्याच्या हातात ठेवली होती. आणि ती शांतता मी एकाच माणसाला दिली होती.

मैत्रीण स्वयंपाकघरात कप विसळत होती. आई गॅसपाशी पाठ करून उभी.

"तू त्याला माझा मिक्स ऐकवलास?"

"ऐकवला तर काय झालं?" तिनं नळ बंद केला नाही. "तूच म्हणायचीस ना, माझं ऐकणारं कुणी नाही? मी ऐकणारा आणून दिला."

"माझे मेसेज?"

"फॉरवर्ड केले. सगळे वाचले त्यानं, मन लावून. आजकाल कुठला मुलगा एवढी मेहनत घेतो? आणि काकूंना विचारूनच केलं मी."

मी आईकडे बघितलं. ती वळली नाही. "पोऱ्या चांगला शे," ती गॅसलाच म्हणाली. "आखो काय जोयजे तुले?"

पुढे होऊन नळ मीच बंद केला. रागानं, आणि लाजेनं. घरात सगळे असताना रडता येत नाही हे मी जिला सांगितलं होतं, तिनं ते एका परक्या पुरुषाला वाचायला दिलं होतं. तो गच्चीवर माझ्याशी बोलत होता तेव्हा मी माझंच उष्टं चाखत होते आणि वर गोड मानून घेत होते.

मग मला दुसरंच सुचलं. "आणि इतक्यात तू मला जी गाणी पाठवत होतीस, ती कुणाची?"

"काही माझी, काही त्याची. म्हटलं, तुलाही त्याची सवय लागू दे."

"तुझी कुठली?"

तिनं कप पालथा घातला. "आता ते कुठं लक्षात आहे गं? मला तर सगळी सारखीच वाटतात."

मी बाहेर आले, आबांच्या हातातून ताट घेतलं आणि म्हटलं, "मला जमणार नाही." आबांना ऐकू गेलं नाही. परत म्हटलं. तरी त्यांचा कान पुढेच. शेवटी मी ओरडले, "नाही! नाही करायचं मला!" खालच्या गल्लीत खेळणारी पोरंसुद्धा थांबली. नारळ मी देवासमोर नेऊन ठेवला. पाहुणे उठले. ती जाताना माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तिचा घात केला.

आबांनी कारण विचारलं नाही. "नही आवडना ना? बस," एवढंच म्हणाले. मीही सांगितलं नाही. आई माझ्याशी बोलत नव्हती, मी तिच्याशी.

पुढे दोनेक दिवसांनी ग्रुपवर तिची पाळी होती. चहाआधी गाणं आलं. खाली मूड लिहिला होता, 'आपल्या माणसासाठी'. आबा नुकतेच पाळीवरून आलेले, पायातली चप्पलही काढली नव्हती. माझ्या फोनवर त्यांना तिचा फोटो दिसला. "लाव ना तुनी मैतरीणनं गाणं," म्हणाले.

मी लावलं. एका बाईचा आवाज, मागे नुसती पेटी. नेमकं माझ्या त्या सकाळचं गाणं होतं, मला गलबलून आलं. ते तिनं निवडलं होतं की त्यानं, मला कळायला काही मार्ग नव्हता. आबा कपावर ठेका धरून शेवटपर्यंत ऐकत बसले.

"तुनी मैतरीणना कान चांगला शे," ते म्हणाले.

मी हो म्हटलं. त्यांना ऐकू जावं म्हणून ते मला मोठ्यानं म्हणावं लागलं.