किती आलं, खरं सांगा

माझी बायको हौसा माझ्याशी शेवटचं बोलली ते साखरेबद्दल. दवाखान्यातल्या खाटेवर डोळे मिटून पडली होती. नर्सबाई तिचं बोट टोचून गेल्या. तिनं विचारलं, "किती आलं?" मी म्हटलं, "दोनशे नव्वद." "खरं सांगितलासा न्हवं?" "खरंच सांगितलं." तिनं नुसती मान हलवली... मी खाली चहा प्यायला गेलो आणि परत वर येईतोवर सगळं संपलं होतं. त्याला आता सव्वा महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, बाईनं लई सोसलं. सोसलंच. पण त्यातलं थोडं माझ्यामुळं सोसलं, हे त्यांना ठाऊक नाही. ते सांगायला म्हणून लिहितोय.

मी गुळव्या. ऊस गाळून रस काहिलीत उकळत ठेवला की गूळ नेमका कधी उतरायचा हे सांगायचं माझं काम. सगळी उमर कागल भागातल्या गुऱ्हाळांवर गेली. हंगामात घरी आलो की कपड्यांना, केसांना गुळाचा वास. हौसाला साखर निघाली ती नव्वद सालानंतर. पायाची जखम भरेना म्हणून डॉक्टरकडं गेलो, तर त्यांनी रक्त काढायला सांगितलं. तिथून घरी आल्यावर ती मला दारातच म्हणाली, "आधी आंघोळ करा. तुमच्या वासानंच माझी साखर वाढायची." सगळी आळी हसली. तिलाही हसू आलं. तेव्हा आम्हाला वाटायचं, महिनाभर गोड सोडलं की जाईल. पुढं कितीतरी वर्षं आम्ही गोळ्या कधी घेतल्या, कधी विसरलो. दुखत काहीच नव्हतं, मग कशाला रोज आठवण ठेवायची?

मोबाईल आले त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या डॉक्टरांनी एक नवी पद्धत सुरू केली. साखर बघायचं मशीन घरी द्यायचं, आपण बोट टोचून बघायचं, आणि दवाखान्यातल्या शोभाताई फोन करून आकडा विचारायच्या. डॉक्टर त्या आकड्यावर गोळ्या कमी-जास्त करायचे. आधी मोबाईलवर मेसेज यायचे, इंग्रजी अक्षरातले. शोभाताईंनी एकदा विचारलं, "काका, मेसेज वाचता ना?" मी म्हटलं, "व्हय, वाचतो की." "मग कालच्यात काय लिहिलं होतं?" मला इंग्रजी अक्षर कुठलं येतंय? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरं, आजपासून मेसेज बंद. मी बोलेन." तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, सकाळी साडेसातला फोन. बाकी पेशंटांना वेगळ्या वेळा होत्या. आमची साडेसात ठरली, कारण आठला मी घराबाहेर पडायचो आणि हौसाला अक्षर, आकडा काही वाचता येत नव्हतं. मी चौथी शिकलेलो. मशीन मीच वाचायचो.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा तीनशे दहा आलं. मी तसंच सांगितलं. हौसाचा चेहरा उतरला. तिला वाटलं, हे आपल्या हातून काहीतरी चुकल्याचं फळ. तिनं सोमवार धरला. पुढच्या वेळी पुन्हा जास्त आलं, मग गुरुवारही धरला. त्यानंतर शनिवार. साखर उतरेपर्यंत देवाला सोडणार नाही, असं तिचं चाललं होतं. गोळ्या मात्र नेमानं घ्यायची, उपाशी पोटी. एका शनिवारी नळावर पाणी भरताना डोळ्यापुढं अंधार येऊन पडली. घागर एकीकडं, ती एकीकडं. शेजारणींनी उचलून आणली. चमचाभर साखर तोंडात घातली तेव्हा डोळे उघडले, आणि पहिलं काय म्हणाली, तर "माझा शनवार मोडला."

त्या दिवशी मी ठरवलं, हिला खरा आकडा सांगायचा नाही. दोनशे ऐंशी आलं की मी म्हणायचो, "एकशे चाळीस." ती खूश व्हायची, भाकरी खायची, एकेक करून वार सोडायला लागली. पण फोन यायचा तो माझ्याच मोबाईलवर, आणि हौसा माझ्या शेजारी बसलेली, कान लावून. मग शोभाताईंनाही मी एकशे चाळीसच सांगायचो. त्या म्हणायच्या, "अरे वा, मावशींना सांगा, छान चाललंय." हौसा तिथूनच ओरडायची, "ऐकतीया मी!" बाहेर जाऊन मी परत फोन करून खरं सांगू शकलो असतो. नाही केला. बाई जेवतीय, हसतीय, मग झालं की, असं वाटायचं. सात-आठ महिने हेच चाललं. त्या सात-आठ महिन्यांत तिच्या गोळ्या होत्या तेवढ्याच राहिल्या.

तपासणीला बोलावलं तेव्हा शोभाताई म्हणाल्या, मशीन घेऊन या. हौसाला रक्त द्यायला आत पाठवलं आणि त्यांनी मशीनचं बटण दाबलं. मागचे सगळे आकडे एकेक करून दिसायला लागले. त्यांच्या वहीतले आकडे वेगळे. त्या चिडल्या नाहीत, म्हणून मला जास्त लागलं. मी सगळं सांगितलं... उपास, नळ, घागर, सगळं. त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "काका, त्या पडल्या तेव्हाच मला फोन करायचा होता. उपास नको म्हणून मी समजावलं असतं. आता मावशींना तुम्ही सांगणार का मी सांगू?"

मी सांगितलं. एसटी स्टँडजवळच्या चहाच्या गाड्यावर. हौसानं अर्धा चहा तसाच ठेवला आणि माझ्या पुढं पुढं चालत घरी गेली. चार दिवस माझ्याशी शब्द नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पण बोलायची नाही. पाचव्या दिवशी शोभाताई स्वतःच घरी आल्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं एक ते नऊ आकडे काढले आणि प्रत्येकाच्या शेजारी तेवढ्या टिकल्या. शून्य कसं तेही दाखवलं. मग हौसा रोज भाकरीच्या आधी परातीतल्या पिठात बोटानं आकडे काढायची. साठीला आलेली बाई, सहा आणि नऊ उलटे व्हायचे म्हणून स्वतःलाच शिव्या द्यायची. महिन्याभरानं एका सकाळी तिनं मशीन माझ्या हातातून काढून घेतलं. वाचलं. "दोन, सहा, चार. दोनशे चौसष्ट." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "मी जेवत न्हवती म्हणून तुम्ही खोटं बोललासा. आता मी जेवती. तुम्ही खरं बोला." एवढंच. त्यानंतर त्या विषयावरून तिनं मला कधी टोचलं नाही. माझंच मन तिथं अडकून राहिलं.

गोळ्या वाढल्या, पुढं इन्शुलिन आलं. फोनवर आता तीच बोलायची. काल शेजारच्या हळदीच्या जेवणात दोन जिलेब्या खाल्ल्या, हेही सांगायची. शोभाताई विचारायच्या, "दोनच?" "तीन. पर तिसरी लहान हुती." चार-पाच वर्षं बरी गेली. मग पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, किडनी. मी त्यांना एकट्याला गाठून विचारलं, त्या सात-आठ महिन्यांमुळं झालं का? ते म्हणाले, "तसं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. आधीची कितीतरी वर्षंही आहेत." नाही असं ते म्हणाले नाहीत. मी तेवढं ऐकून बाहेर आलो.

ती गेल्यावर मशीन परत द्यायला गेलो. शोभाताईंनी घेतलं नाही, घरीच असू दे म्हणाल्या. पुढच्या गुरुवारी सकाळी साडेसातला मोबाईल वाजला. मला वाटलं, त्यांच्या यादीत नाव तसंच राहिलंय. तर म्हणाल्या, "यादीतलं नाव काढलंय काका. तुम्हालाच केलाय. जेवता ना वेळेवर?" मी म्हटलं, "व्हय, जेवतो की." पुढच्या फोनला तेच. तिसऱ्या फोनलाही तेच. गावातच दिलेली लेक भाकरी देऊन जायची आणि ती तशीच गाईला जायची.

परवाच्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "काल रात्री काय जेवलात?" मी तोंड उघडलं आणि भाजीचं नाव सांगणार, तर समोर भिंत. खडू पुसट झालाय, पण टिकल्या दिसतात अजून. मी म्हटलं, "न्हाई जेवलो. परवापासून न्हाई." मग म्हणाल्या, "घरात काय आहे?" "भाकरी हाय कालची. दूध हाय." "कुस्करून घ्या. मी फोन ठेवत नाही." मी मोबाईल चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि ताटली घेऊन तिथंच खाली बसलो. भाकरी दुधात कुस्करली आणि खायला लागलो. फळीवरून शोभाताईंनी विचारलं, "किती झालं?" मी ताटलीत बघितलं आणि होतं तेवढंच सांगितलं. "अर्धी."