शेवंतीकाकीचा जंतू

"मॅडम, रिपोर्टवर हे काय लिहिलंय तुम्ही?" फोनवर डॉक्टर प्रभूंचा आवाज एक पट्टी वर चढला होता. "व्हँकोमायसिनला रेझिस्टंट? आणि तेही मालवणात?"

"जंतू गाव बघून येत नाहीत, डॉक्टर," मी म्हटलं.

लोडशेडिंगचे ते दिवस. मालवणच्या बाजारात माझी छोटी मायक्रोबायोलॉजी लॅब होती. कौलारू छप्पर, एक मायक्रोस्कोप आणि एक इनक्युबेटर, म्हणजे जंतू वाढवायचं उबदार कपाट. आता तिथे मोबाइलचं दुकान आहे. तरी त्या बाजूने गेले की पाय रेंगाळतात, आणि ज्या जेलीवर जंतू वाढवायचे त्या अगारचा जुना वास नाकाशी आल्यासारखा वाटतो.

रिपोर्ट होता देवबागच्या शेवंतीकाकीचा. काकी मासळी बाजारात बसायची. पापलेट शिळं असलं तर मला डोळ्यांनीच 'घेऊ नको' म्हणून सांगायची, एवढी आमची ओळख. घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर प्रभूंच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, लघवीची नळी घातली आणि मागोमाग ताप चढला. लघवीत मला एन्टरोकॉकस सापडला. हा जंतू तुमच्या-माझ्या आतड्यात सुखाने नांदत असतो. नळीवाटे मूत्राशयात शिरला की त्रास देतो. साध्या अँपिसिलिनने काकीचा ताप उतरायला लागलाही होता. प्रश्न तिचा नव्हता, इतरांचा होता.

व्हँकोमायसिन हे आमचं राखीव औषध. जंतूभोवती एक भिंत असते. तिच्या विटांच्या टोकाला हे औषध चिकटतं आणि बांधकाम बंद पाडतं. काही जंतूंकडे असे जीन्स असतात की ते विटेचं टोकच बदलून टाकतात. मग औषधाला धरायला जागा उरत नाही. यातला व्हॅन-ए नावाचा जीन वाईट. तो बहुतेक वेळा प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या एका सुट्या कड्यावर असतो, आणि एक जंतू ते कडं दुसऱ्याला देऊ शकतो. व्हॅन-सी मात्र काही जातींच्या मूळ गुणसूत्रातच असतो. जन्माचा तीळ शेजारणीला देता येत नाही, तसंच ते. काकीच्या जंतूत यातला कुठला, ते माझ्या अगारच्या प्लेटवरून ठरेना. जीन तपासायची सोय मुंबईत. तिकडे नमुना पाठवला, पण उत्तराची घाई फक्त आम्हाला होती.

"माझ्याकडे शेजारच्या खोलीत बाळंतिणी आहेत," डॉक्टर म्हणाले. "मी जोखीम घेणार नाही." त्यांचं चुकत नव्हतं. काकीला कोपऱ्यातल्या खोलीत हलवलं, दार लावलं, भेटायला येणं बंद.

आता देवबागात माणूस आजारी पडलं की वाडीच्या वाडी बघायला लोटते. कुणी पेज आणतं, कुणी कुळथाची पिठी, आणि खाटेवर बसूनच भरवतं. एकटं जेवायची काकीला सवयच नव्हती. तिने खाणं टाकलं.

तिची सून सुनंदा लॅबमध्ये आली. सासूची टोपली आता तीच सांभाळत होती.

"बाय, तुमी सासूच्या लघवीत काय बघितलास?" ती उंबऱ्यातूनच म्हणाली. "अख्खो बाजार सांगता, शेवंतीक औषधाक न जुमानणारो जंतू झालो. माझ्या टोपलेक कोण हात लावणा नाय. काल सगळी मासळी परत घराक नेलंय."

"काकी कशी आहे?"

"पेज घेणा नाय. म्हणता, माका घराक व्हरा. माका हंय एकट्यान मराचा नाय."

जंतू माझ्या प्लेटवर, आणि शिक्षा त्या घराला.

हातात एकच परीक्षा होती. जन्मजात व्हॅन-सी असलेल्या जाती बहुधा पोहतात, नेहमीचे एन्टरोकॉकस पोहत नाहीत. पातळसर अगारच्या नळीत सुई टोचून जंतू सोडायचा. पोहणारा असला तर सगळी नळी ढगाळते, नसला तर टोचलेल्या रेघेवरच वाढतो. मी नळी इनक्युबेटरमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी वाढ फक्त रेघेवर, ढग नाही.

"म्हणजे व्हॅन-ए," डॉक्टर म्हणाले. "गोव्याला हलवतो उद्या."

"एकदा पुन्हा लावते. तेवढं थांबा."

पुन्हा लावली आणि लाईट गेली. ती दिवसभर आलीच नाही. इनक्युबेटर हळूहळू थंड पडला. मी लाईटवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी नळी फेकायच्याच इराद्याने कपाट उघडलं, तर नळी वरपासून खालपर्यंत ढगाळलेली. मी त्यातला एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरला. जंतू सुळसुळत इकडून तिकडे पळत होते. मग पुस्तक काढलं. हे जंतू शरीराच्या उबेत नीट पोहत नाहीत. ही नळी त्याहून थंड, तिशीच्या आसपास ठेवायची असते. म्हणजे लाईट गेलेल्या मालवणातल्या खोलीइतकी. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

"जंतू पोहतो, म्हणजे व्हॅन-सी," मी डॉक्टरांना फोनवर सांगितलं.

"जबाबदारी तुमची?" त्यांनी विचारलं.

"माझी. उघडा दार."

त्यांनी दार उघडलं. त्या दुपारी काकीने वाडीतल्या बायकांच्या हातची पेज घेतली. पुढे मुंबईहूनही व्हॅन-सीच आला, पण तोवर ती घरी पोचली होती. टोपली मात्र अजून भरलेलीच परत जात होती.

"तुमचा रिपोर्ट बाजारात लावा ना," डॉक्टर म्हणाले.

"वाचणार कोण? तुमच्या घरी मासे कोण आणतं?"

"बायको."

"उद्या तुम्ही आणा."

ऐन गर्दीच्या वेळी डॉक्टर प्रभू गळ्यात स्टेथोस्कोप तसाच घेऊन मासळी बाजारात शिरले. थेट सुनंदाच्या टोपलीपाशी उकिडवे बसले, उघड्या हातांनी बांगडे उलटेपालटे करायला लागले आणि मोठ्या आवाजात भाव करू लागले. त्यांना माशातलं ओ की ठो कळत नव्हतं.

"डॉक्टरानू, तो नको, ह्यो घेवा," सुनंदा हळूच म्हणाली.

बाजार बघत होता. मग मी बसले. मग आमच्या मागे एक बाई, आणि नंतर टोपलीभोवती उभं राहायला जागा मिळेना.

माझ्यापुरता एक धडा असा की पोहण्याची नळी इनक्युबेटरबाहेर ठेवावी. दुसरा असा की व्हॅन-सी पसरत नाही, पण बातमी पसरते, आणि तिला प्लास्मिड लागत नाही.

काही महिन्यांनी काकी काठी टेकत बाजारात परत बसायला लागली. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "गो बाय, तो तुझो जंतू अजून माझ्या पोटात आसा?"

"असेल, काकी."

"कोणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय मां तो?"

"नाही."

"मगे रवांदे बापडो," काकी म्हणाली, आणि माझ्या पिशवीत बांगडे मोजायला लागली.