बांधावरची तालीम

भूकंपात मी भिंत होते, दुष्काळात विहीर. वादळात आधी माड, मग त्याच माडाखाली सापडलेली म्हातारी. एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वाशीच्या नव्या ब्लॉकमध्ये राहणारे आम्ही काही कारकून, शिक्षिका आणि माझ्यासारख्या रिकामटेकड्या गृहिणी मिळून एक नाटक बसवत होतो. त्यात नायक नाही, नायिका नाही. सगळ्यांनी मिळून संकट व्हायचं आणि सगळ्यांनीच त्यातून तगायचं. रॉकेलच्या रांगेपलीकडे संकट न पाहिलेली मी विहीर होताना इतकी रडायचे, की दिग्दर्शक म्हणायचे, "बाई, विहीर आटलीय. पाणी जरा कमी करा."

शेवटचा प्रवेश खाडीच्या पाण्याचा होता. त्यासाठी नेरुळच्या पुढच्या एका खाडीकाठच्या गावातले एक शेतकरी आमच्यात आले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून त्यांच्या गावानं चिखलाचा बांध घातलेला. त्याला भगदाड पडलं की ते म्हणत, खांड गेली. जो पहिल्यांदा पाहील त्यानं बांधावर चढून हाक द्यायची आणि घरटी एकानं हातातलं टाकून धावायचं. जेवत असला तर ताटावरून उठायचं. चिखलाच्या ढेपा हातोहात पुढं द्यायच्या, खांड बुजेस्तोवर. मजुरी नाही. भावाभावांची भांडणंसुद्धा तेवढ्यापुरती थांबायची.

पण आता गावाची बहुतेक जमीन नव्या शहरासाठी गेली होती. बांधाच्या आत भात लावणारे एकटे दादाच उरले होते. बांध ढिला झालेला, श्रावणातलं उधाण तोंडावर आलेलं.

"नाटक बगून तरी लोकांना आठवंल," ते म्हणाले. "माजा भात वाचंल."

मी गंभीरपणे मान डोलावली. कलेचं सामर्थ्य म्हणतात ते हेच, असं मला वाटलं. तेव्हा मला अशा बऱ्याच गोष्टी वाटायच्या.

तालमी बांधावरच होत. दादा वर चढून हाक द्यायचे, "खांड गेली, यावा रं," आणि आम्ही रस्त्याकडून धावत यायचो. पहिल्या दिवशी आमच्या मागोमाग गावातली चारपाच माणसंही फावडी-घमेली घेऊन धापा टाकत आली. दादांचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. दिग्दर्शकांनी त्या माणसांना हात जोडले. "तालीम आहे हो, तालीम." माणसं हसत परत गेली. नंतरच्या तालमींना कुणी आलं नाही.

पौर्णिमेच्या दुपारी आम्ही बसमधून उतरून गावाकडे चालत होतो, तेव्हा लांबून हाक ऐकू आली.

"आज सूर काय लागलाय त्यांचा," मी बरोबरच्या शिक्षिकेला म्हटलं, आणि सावकाश चालत राहिले.

पोचलो तर दादा कमरेभर पाण्यात. त्यांची बायको एकटी काठावरून ढेपा देत होती. आम्ही पाण्यात उतरलो. तालमीत आम्ही रिकाम्या हातांनी ढेपा द्यायचो, आणि मी तर त्या वजनानं वाकूनही दाखवायचे. खरी ढेप हातात आली ती सटकून माझ्याच पायावर पडली. दाराएवढी खांड बघता बघता अंगणाएवढी झाली. पाणी आमच्या मधून गेलं आणि हिरव्या भातावर पसरलं.

गाव आलं ते ओहोटी लागल्यावर.

"आमाला वाटला तालीम हाय," शेजारी म्हणाला. मागचा तेच म्हणाला. गावाच्या पार पलीकडल्या टोकाला, जिथं तालमीची हाक कधी पोचलीच नव्हती, तिथला एक जणही तेच म्हणाला.

दादांची बायको लुगडं पिळत म्हणाली, "र्‍हाऊं द्या. जेवलाव ना सगली पोटभर?"

प्रयोग गावातल्या देवळापुढं ठरलेला होता. दादा येणार नाहीत असं आम्ही धरून चाललो होतो, पण ते आले. शेवटच्या प्रवेशात बाकांच्या बांधावर चढले आणि नुसते उभे राहिले. दिग्दर्शक पडद्यामागून वाक्य सांगत होते. मी विंगेत माझ्या धावण्याची वाट बघत पदर खोचून तयार.

"आरं मार ना हाक," समोरून कुणीतरी म्हणालं.

"मारली व्हती," दादा म्हणाले, आणि बाकावरून उतरून गर्दीतून घरी गेले.

मग एकानं टाळी वाजवली, कारण त्याला वाटलं नाटक संपलं.

खारं पाणी मुरलं की दोनतीन पावसाळे शेत पीक धरत नाही. दादांनी एकाही पावसाळ्याची वाट पाहिली नाही, जमीन नव्या शहरासाठी देऊन टाकली. पुढच्या उन्हाळ्यात तिथं मुरमाचे ट्रक लागले. भरावाच्या कामाला गावातलीच माणसं होती. रोजावर. सकाळी भोंगा झाला की सगळी वेळेवर हजर.