भैरोबाचं देऊळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला अर्धं ठाऊक आहे. उरलेलं — तिलाही नाही.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातले मराठी ज्यू. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव ज्यांना शनिवार तेली म्हणायचं, ते. माझं नाव रमेश, आडनावाला गावाचं ‘कर’. कुवेतला आलो तेव्हा सगळ्यांनी मला हिंदूच धरलं आणि मी — मी ते दुरुस्त केलं नाही. कुणी धमकावलं होतं का? नाही. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. मी कधी सांगूनच पाहिलं नाही.

आई गेल्यावर बाबा तीन महिने आमच्याकडे राहायला आले. अलिबागकडच्या आमच्या गावात ते शाळामास्तर होते. आमची आळी हळूहळू इस्राएलला निघून गेली. प्रार्थनेची मशीद — म्हणजे सिनेगॉग, पण आम्ही तिला मशीदच म्हणतो — कुलुपात पडली, छप्पर बसलं. निवृत्त झाल्यावर बाबांनी ती पुन्हा उभी करायला घेतली. ठाण्या-मुंबईची चार माणसं गोळा केली. भिंती झाल्या, कौलं चढली. पन्नाशीची माणसं त्यांच्यासमोर बसून हिब्रू अक्षरं गिरवू लागली.

हे सगळं ते आमच्या कुवेतमधल्या, मिरकाबच्या फ्लॅटमध्ये माझ्या मुलीला, रियाला, रंगवून सांगत. हद्दपार झालेले लोक बाबेलहून परतले, त्यांनी यरुशलेमची भिंत कशी बांधली, तेही. “बाबेल लांब नाही हं इथून. वर इराकातच.”

“सगळे गेले परत?” तिनं इंग्रजीत विचारलं.

“नाही गं. बरेच तिथेच राहिले. घरं चांगली होती त्यांची.”

ते माझ्याकडे बघतही नव्हते. तरी मला लागलं.

एका शुक्रवारी दुपारी आम्ही सावंतांकडे जेवायला गेलो. सावंत रत्नागिरीचे, माझ्याच कंपनीतले, मोकळ्या मनाचे. आमटी वाढता वाढता म्हणाले, “काका, गावी देऊळ बांधताय म्हणे? कुणाचं?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं. एवढा म्हातारा माणूस — आपल्या देवाचं नाव घ्यायला मुलाची परवानगी —

मी म्हणालो, “भैरोबाचं.”

कळतंय ना तुम्हाला, मी काय केलं ते? देव एकच आहे, त्याला रूप नाही, असं रोज सकाळ-संध्याकाळ म्हणणारा माणूस तो. बाबांनी आमटी भातात कालवली. मग म्हणाले, “हो. भैरोबाचं.”

सावंतांनी मनापासून हात जोडले.

परतताना गाडीत रिया म्हणाली, “पण आजोबा, तुम्ही तर —”

“डॅडी सांगतात तेच खरं, बाळा.”

त्यानंतर त्यांनी तिला गोष्ट सांगितली नाही. मी का म्हणून विचारलं नाही. काय विचारणार होतो?

ते गावी गेले. पुढच्या वर्षी मशीद उघडायची ठरली, तेव्हा त्यांचा फोन आला. “रमेश, नऊजण जमतायत. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तुला माहीत आहे. शनिवारी सकाळी. येशील?”

मी म्हणालो, रजा मिळत नाही.

भीती होती ती फोटोची. कुणीतरी फोटो टाकेल, तो फिरत फिरत सावंतांपर्यंत पोचेल — बस्स, एवढीच.

“असू दे,” बाबा म्हणाले. “नोकरी आधी.”

टोप्या घालून नऊजण दुपारपर्यंत थांबले, असं नंतर कळलं. बाबा पायरीवर उभे होते, रस्त्याकडे बघत. मग ज्यानं त्यानं आपापल्यापुरती प्रार्थना पुटपुटली आणि पांगले. पावसाळ्यानंतर बाबा गेले. दहावा माणूस पुढेही कधी जमला नाही. मशीद पुन्हा कुलुपात आहे.

मी रजा मागितलीच नव्हती. मागायची गरजही नव्हती. गुरुवारी रात्रीचं विमान, रविवारी पहाटे परत. कुवेतला शुक्रवार-शनिवार सुट्टीच असते.

आणि बाबा इथे तीन महिने राहून गेले होते. त्यांना ते ठाऊक होतं.